बिननाडीची तुमान

“अगं बया! हिला नाडी हाय!”

पडद्याआडून गुरवीणबाई ओरडल्या आणि बाहेर चाललेली हलगी थांबली. आम्ही पुरुष मंडळी पडद्याकडं पाठ करून उभे होतो. चैत्राच्या यात्रेत आमच्या गावच्या लष्करआईला पोशाख चढवतात, तेव्हा पुरुषांनी तिकडं बघायचं नसतं. एरवी वर्षभर आई लुगड्यात असते. यात्रेपुरतं लुगडं उतरवून तिला तुमान घालतात. तुमान म्हणजे बायकांचा सैल पायजमा, वर घेरदार, खाली घोट्याशी चुण्या पडलेला. आता त्याला सलवार म्हणतात. परंड्याच्या वाटेवर गावोगाव देव्या आहेत, पण तुमान घालणारी आमची एकटीच.

“नाडी?” माझ्या शेजारी उभे असलेले पाटील म्हणाले. “नाडी कुणी घातली?”

त्याचं उत्तर आतूनच आलं. माझ्या आईचा आवाज होता.

“सोजर!”

सोजर माझी बायको. तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गेल्या पौषात ती गेली. ती असती तर ही गोष्ट तिनंच सांगितली असती, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली असती.

आमचं घर शिंप्याचं. देवीच्या तुमानीचं कापड मुलाण्याच्या घरानं द्यायचं, आमच्या घरातल्या नव्या सुनेनं ती हातानं शिवायची, गुरवीणबाईंनी चढवायची, असा मान वाटलेला आहे. तुमानीला वर नेफा शिवायचा, पण त्यात नाडी ओवायची नाही. ही शेवटची गोष्ट गावात इतकी सगळ्यांना ठाऊक, की ती सोजरला सांगायची राहूनच गेली. सोजर बार्शीची. तिच्या वडिलांचं तिथं भरपेठेत दुकान. पंजाबी ड्रेस तेव्हा नुकते निघाले होते आणि शाळेतल्या मास्तरणींचे ड्रेस हिच्या हातून शिवून जायचे. नाडीशिवाय सलवार गिऱ्हाईकाच्या हातात दिली तर दुकानाची अब्रू जाते, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. नेफा शिवायला सांगितला आणि नाडीचं सूत दिलं नाही, तेव्हा तिला वाटलं, सासू आपली परीक्षा घेतेय. मग तिनं बारीक सुताची नाडी वळली, टोकांना गोंडे लावले आणि गुपचूप ओवून टाकली.

आणि गुरवीणबाईंना नाडी हाताला लागल्याबरोबर त्यांनी तिची गाठ मारली. नंतर त्या सगळ्यांना सांगत होत्या, “आता नाडी दिसल्यावर बाईमाणूस काय करणार? हात आपसूक चालला. गाठ बसली, मग ध्यानात आलं.”

एकदा पोशाख चढला की पालखी फिरून येईपर्यंत तो सोडायचा-उतरवायचा नाही. गाठ तशीच राहिली.

घरी आल्यावर आईनं चप्पल काढायच्या आधी तोंड सोडलं.

“बार्शीवाल्यांनी हेच शिकवलंय व्हय गं? जिथं तिथं गाठी मारायच्या?”

“आत्या, मला कुणी सांगितलं न्हवतं.”

“सांगायचं काय त्यात? सूर्य उगवतो, हे सांगत्यात का कुणी?”

“पण नाडी का न्हाई, ते तरी सांगा.”

“न्हाई म्हंजे न्हाई!”

आई एवढी का तापली होती ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. माझी बहीण चतुरा पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरले होते. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती आणि आईकडं बघत होती.

“चतुराचं पोट टेकीला आलंय,” आई म्हणाली, “आन् तू आईच्या कमरंला गाठ मारलीस. माझी लेक अडली तर त्या दिवशी तुझं बोचकं आन् तू, बार्शीच्या गाडीत. माझ्या दारात परत यायचं न्हाई. रुद्रा, तू बी ऐकून ठेव.”

मी ऐकून ठेवलं. त्या काळी आईपुढं बोलायची माझी छाती नव्हती.

सोजर रडली नाही. तिला रडण्यापेक्षा कोड्याचा त्रास जास्त व्हायचा. भाकऱ्या थापताना ती मला म्हणाली, “अवो, तुम्हाला ठाऊक हाय का, नाडी का नसती?”

“पद्धत हाय.”

“पद्धत म्हंजे कुणीतरी कवातरी केलेलं. का केलं आसंल?”

“मला काय ठाऊक?”

“शिंपी हायसा ना तुम्ही? नाडी नसंल तर तुमान राहती कशी तिच्या अंगावर?”

“राहत न्हाई,” मी म्हणालो. “घसरती. मूर्ती भिंतीपासून जरा सुटी हाय. मागं फटीत कापड खोचत्यात. दुपारपर्यंत येकदा तरी खाली येतीच. लोक म्हणत्यात, आई रुसली. मग गुरवीणबाई पडदा लावून परत वर सारत्यात.”

ती थापता थापता थांबली. “दरसाली?”

“दरसाली.”

“आन् येवढ्या लोकांत कुणाला वाटलं न्हाई, हिला नाडी घालावी?”

संध्याकाळपर्यंत तिनं चार जणींना विचारलं. गुरवीणबाई म्हणाल्या, देवी कुमारी आहे, तिची गाठ अजून बांधायची आहे. शेजारची काकू म्हणाली, आईच्या कमरेला नाग आहे, त्याला दोरी चालत नाही. पाटलीणबाईंनी सांगितलं, पूर्वी चांदीचा पट्टा होता, तो चोरीला गेला. आणि चतुरा म्हणाली, “वयनी, तू विचारायचं बंद कर गं. तुला बघून माझ्या पोटात कळ येती.”

चतुरा हसत म्हणाली होती. पण कळ खरंच आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरू झाली आणि दुपार कलली तरी पुढं काही होईना. सुईण आत होती. शेजारच्या गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना सायकलवरून निरोप गेला होता. आईनं घरातल्या गाठी सोडायला घेतल्या. बाई अडली की घरात काही बांधलेलं ठेवायचं नाही, असं आमच्यात मानतात. ट्रंकेचं कुलूप काढलं, डब्यांची झाकणं काढली, दावणीची गाय सोडली. बायकांनी अंबाडे सोडले. माझ्या मशीनचा दोरासुद्धा सुईतून ओढून काढला. मग आईची नजर माझ्यावर आली.

“लेंग्याची नाडी सोड.”

“आई!”

“सोड म्हणते ना! बहीण मरायली तिकडं, आन् ह्याला लाज!”

मी सोडली. एका हातात लेंगा धरून अंगणात उभा राहिलो. आतून चतुराचा आवाज येत होता. तो माझ्या बहिणीचा वाटतच नव्हता.

आई सोजरपुढं जाऊन उभी राहिली. कालचा राग आता नव्हता, नुसती भीती होती.

“जा,” आई म्हणाली. “पोशाखाला हात लावू नको. नुसती नाडी वढून काढ आन् मला आणून दाखीव. जिनं घातली तिनंच काढायची. रुद्रा, जा हिच्यासंगं.”

सोजर आत गेली, घडीभरानं पदर खोचून बाहेर आली आणि आम्ही निघालो. ती पुढं, मी मागं, लेंगा धरून. यात्रेचे दिवस, वाटेत निम्मं गाव भेटलं.

“काय रुद्रा, पोट दुखायलं का?” पारावरून कुणीतरी विचारलं.

“बहीण आडलीय.”

“मग तू का कमर धरलीस?” पार सगळा हसला.

मला कुठं तोंड लपवावं असं झालं. सोजरनं एकदा मागं वळून बघितलं.

देवळाच्या दारात लिंबाच्या सावलीला मलनबी बसल्या होत्या. मुलाण्याच्या घरातली म्हातारी. यात्रेत देवीपुढं ऊद जाळायचा मान त्यांचा. निखाऱ्यावर ऊद टाकत त्या दिवसभर तिथंच असायच्या. आम्हाला बघून म्हणाल्या, “पोरीला सुटका झाली का?”

“न्हाई मलनबी,” मी म्हणालो. “नाडी काढायला आलाव.”

सोजर देवळात शिरायची, ती थांबली. मला वाटलं घाबरली असेल. तर ती मलनबींच्या पुढ्यात उकिडवी बसली.

“मलनबी, कापड तुमच्या घरचं. तुम्हाला ठाऊक आसंल. नाडी का न्हाई?”

“सोजर,” मी म्हणालो, “चतुरा तिकडं…”

“येक घडीभर. मी काय काढायलेय ते मला कळू द्या.”

मलनबींनी तिच्याकडं नीट बघितलं. “काल चार जणींना विचारलीस म्हणं. माझ्याकडं न्हाई आलीस.”

“चुकलं.”

“चुकलं न्हाई. कुणीच विचारत न्हाई. कापड आणलं की म्हणत्यात, ठीव तिथं.” त्यांनी ऊद बाजूला सारला. “हिकडनं फौज चालली हुती. कुणाची, ते सोड. मराठे म्हणत्यात आमची, आमचे म्हणत्यात आमची. फौजंसंगं बायका असायच्या. त्यातली येक बाई घोड्यावर मागं राहिली. पोट भरलेलं. हितं, ह्या जागंवर उतरली. अंगावर तुमान.”

“घोड्यावर बसायचं म्हणून तुमान?”

“मग काय नऊवारी नेसून बसंल? तुमान घोड्याची असती, जातीची नसती. तर गावातल्या बाया धावल्या. येक तुमच्या घरची, येक आमच्या घरची. आन् दोघींची पंचाईत! जन्मात तुमान बघितली न्हवती. लुगडं फेडायचं ठाऊक. ही कुठनं फेडायची? त्या वर वढायल्या, खाली वढायल्या. ती बाई कळा देता देता त्यांना शिव्या घालायली. शेवटी तिनंच नाडीची गाठ सोडली.”

सोजर हसली. मलनबीही हसल्या, दात नसलेल्या तोंडानं.

“पोर झालं. आता नाळ बांधायची तर दोरा कुठं? चांगला, वळलेला, घट्ट? त्या बाईनं आपल्याच तुमानीची नाडी नेफ्यातनं वढून काढली आन् आमच्या घरच्या बाईच्या हातात दिली. तिनं पोराची नाळ बांधली.”

सोजरचं हसू थांबलं. मीही लेंगा धरलेला हात विसरलो होतो.

“म्हणून नाडी न्हाई,” सोजर म्हणाली.

“म्हणून न्हाई. तिची नाडी तिनं दिलीय. संध्याकाळी रक्त थांबंना, बाई गेली. पोर जगलं. तुमच्या घरात वाढलं.”

“आमच्याकडं म्हणत्यात,” मी म्हणालो, “आमच्या पणज्याच्या आज्याला मुलाण्याच्या बाईनं दूध पाजलं. येवढंच.”

“हां, तेच की. दूध आमचं, छप्पर तुमचं. म्हणून तर कापड आम्ही, शिलाई तुम्ही.”

“मग मलनबी,” सोजरनं हळू विचारलं, “मी नाडी घातली, त्यानं वन्सं आडल्या का?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, दिलेली वस्तू परत आली तर बाईमाणसाला बरं वाटतं.”

मलनबींनी ऊद परत पुढं ओढला.

सोजर देवळात गेली आणि तिनं पडदा ओढला. मी दाराकडं पाठ करून उभा राहिलो. वाट बघितली. फार वेळ लागला असं वाटलं. नाडी ओढून काढायला वेळ लागतो कशाला?

“अवो,” पडद्यामागून ती म्हणाली, “हिकडं या. आत न्हाई, पडद्याजवळ.”

मी पाठ करूनच मागं सरकलो.

“काढली का?”

“न्हाई. काढणार बी न्हाई.”

“अगं!”

“ऐका. पारापासनं हितपर्यंत तुम्ही लेंगा धरून आलासा, तर तुमचं तोंड एवढंसं झालं. हिनं किती साल धरला आसंल? भरल्या यात्रंत, सगळ्या गावाम्होरं. कालच्या दिवसात येकदा बी घसरली न्हाई, गुरवीणबाईंना विचारा. मला न्हाई काढवत.”

“आईला काय सांगायचं?”

“काढली म्हणून सांगायचं.”

“आन् ती दाखव म्हणाली तर?”

पडद्याच्या फटीतून तिचा हात बाहेर आला. “तुमची द्या.”

“माझी?”

“लेंग्याची. सुटलेलीच हाय की.”

मी दिली. आता का दिली म्हणून विचाराल तर सांगता येणार नाही. तिकडं बहीण अडलेली, इकडं बायकोचं घर पणाला लागलेलं, आणि मी देवीच्या दारात उभा राहून नेफ्यातनं नाडी ओढतोय. मलनबी दुसरीकडं बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

परत येताना सोजर जवळजवळ पळत होती. मी दोन्ही हातांनी लेंगा धरून तिच्या मागं. पारावर आता कुणी काही विचारलं नाही. बघणाऱ्यांना वाटलं, मामला गंभीर आहे.

आई दारातच होती. सोजरनं मूठ उघडली. पांढऱ्या सुताची नाडी, मळकी, एका टोकाला जरा उसवलेली. गोंडे नाहीत, हे आईच्या ध्यानात येतंय का म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. पण आईनं ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, डोळे मिटून घेतले आणि आत जाऊन चतुराच्या उशाखाली सारली.

“काढली गं बाई,” आई आत म्हणत होती. “काढली, चतुरा. आता तू मोकळी हो.”

“खरंच काढली?” चतुराचा आवाज.

“माझ्या डोळ्यानं बघितली.”

अंगणात सोजर माझ्या शेजारी उभी होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. त्या सबंध दिवसात मी तिला घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं.

नर्सबाई सायकलच्या मागं बसून आल्या, हात धुतले, आत गेल्या. त्यानंतर काय काय झालं ते बायकांना माहीत. मला फक्त आवाज ऐकू येत होते. चतुराचा, सुईणीचा, मग नर्सबाईंचा, “जोर लाव, आता सोडू नको.” आणि मग एक बारका, चिडका आवाज. तो त्या घरात आधी कधी ऐकला नव्हता.

“दोरा द्या,” नर्सबाई आत म्हणाल्या. “माझ्या पिशवीतला संपलाय. स्वच्छ काही आहे का?”

“हाय की,” आई म्हणाली. “आईची नाडी हाय.”

मी सोजरकडं बघितलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

“उकळत्या पाण्यात टाका ती आधी,” नर्सबाई म्हणाल्या. “कुठली का असेना.”

अशी माझ्या भाच्याची नाळ माझ्या लेंग्याच्या नाडीनं बांधली गेली. आईनं उरलेला तुकडा धुऊन देवघरात ठेवला. मरेपर्यंत त्याला हळदकुंकू वाहिलं. आल्यागेल्याला सांगायची, “माझी सून गेली आन् आईच्या कमरंची गाठ सोडून आली, म्हणून माझी लेक वाचली.” त्या दिवसानंतर आई सोजरला वाकडा शब्द बोलली नाही. बोलायची वेळ आली तर मला बोलायची.

पुढच्या वर्षांच्या तुमानी सोजरच शिवत राहिली. त्यात नाडी होती की नव्हती, ते तिनं आणि गुरवीणबाईंनी पडद्याच्या आत ठरवलं. मी पुरुषमाणूस, मला माहीत नाही. तुमान मात्र त्यानंतर घसरल्याचं कुणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला आई चतुराजवळ बसली होती. मी मशीनच्या सुईत दोरा ओवत होतो. सोजर खोलीत आली.

“आईला खरं सांगायचं का?” मी विचारलं.

“कशाला? नातू झालाय त्यांना. खुशीत हायत.”

“आन् चतुराला काही झालं असतं तर?”

“तर खरं सांगितलं आसतं,” ती म्हणाली. “न्हाई काढली म्हणून. गाडी सहाची हुती.”

मग तिनं दुरड्यांच्या मागं हात घालून एक बोचकं बाहेर ओढलं. तिची लग्नातली दोन लुगडी, फणी, आरसा, तिच्या वडिलांनी दिलेली कात्री. देवळाकडं निघायच्या आधी ती घडीभर आत गेली होती, ती हे बांधून ठेवायला. घरातली एकूण एक बांधलेली वस्तू आईनं त्या दिवशी सोडवली होती. ही एक तिच्या नजरेतून सुटली होती.

“सोडू का?” मी विचारलं.

“सोडा.”

मी गाठ सोडायला बसलो. ती फार घट्ट मारली होती. माझ्यानं सुटेना, तेव्हा तिनं ते माझ्याकडून घेतलं आणि दातानं सोडवलं.